ठाण्यात नौपाड्यातलं लेझर कटिंगवाल्यांचं दुकान : आमच्या हॉलच्या फ्रेमचा अनुभव

चार स्टार देतेय, एक कापलाय, का ते सांगते.

घोडबंदर रोडला नवीन फ्लॅट घेतला, गृहसमर्पणाची प्रार्थना ठरली होती, तर हॉलमध्ये लावायला एक फ्रेम हवी होती. येशूचं चित्र नको कारण ते सगळ्यांकडे असतं, आणि एकच वचनही नको. माझ्या सासऱ्यांची कल्पना अशी की बायबलमध्ये विश्वास ठेवणाऱ्यांना ज्या ज्या नावांनी हाक मारलीय ती नावं लिहायची, खाली बारीक अक्षरात कुठल्या पुस्तकात आहे ते. मग गोखले रोडच्या आतल्या गल्लीत हे दुकान सापडलं. छोटंसं आहे, नेमप्लेट, ट्रॉफी, लग्नाचे बोर्ड असं सगळं करतात, आणि आम्ही गेलो तेव्हा गणपतीला महिना राहिलेला, थर्माकोल बंद झाल्यापासून मखरं सगळी एमडीएफची (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) बनतात त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हाच समजायला हवं होतं, ४ दिवस म्हणाले आणि ११ लागले.

मटेरियलचं मात्र दुकानवाल्या काकांनी खरं सांगितलं. एमडीएफ १३५० ला पडेल पण पावसाळी हवेत कडा फुगतात, सागवानावर घ्याल तर २४००. खपवायचंच असतं तर काहीही सांगितलं असतं. सागवान घेतलं, साइज १२ बाय १८.

आता खरी गंमत मजकुराची. मी व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवलं तर त्यांच्या कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) सगळे चौकोन आले, म्हणजे जुना फॉन्ट, परत सगळं हाताने टाइप करावं लागणार. काका एकेक शब्द टाइप करायचे आणि मान वर करून विचारायचे, मॅडम हे काय? मला वाटलं होतं १० मिनिटांचं काम, दीड तास बसलो.

मला सगळ्यात मोठं 'ख्रिस्ती' हवं होतं. पप्पा, म्हणजे सासरे, म्हणाले, अगं बायबलच्या अख्ख्या नव्या करारात ते तीनच वेळा येतं, प्रेषितांची कृत्ये ११ मध्ये अंत्युखिया शहरात पहिल्यांदा, मग अग्रिप्पा राजाच्या तोंडी, मग पेत्राच्या पत्रात, आणि ते बहुतेक बाहेरच्या लोकांनीच ठेवलेलं नाव. 'शिष्य' मात्र अडीचशेहून जास्त वेळा आहे. म्हणून शिष्य वर गेलं. मला आधी पटलं नव्हतं पण बरोबर आहे, ख्रिस्ती तर मी शाळेच्या दाखल्यावरही आहे, शिष्य म्हटलं की कोणाकडून काय शिकतेयस ते सांगावं लागतं.

'पवित्र जन' जागेत बसेना. काका म्हणाले 'संत' करू, दोनच अक्षरं. आमच्या शेजारी कॅथलिक कुटुंब आहे, त्यांच्याकडे संत म्हणजे ज्यांच्या नावाने चर्च असतं ते, मग आमच्या नावापुढे संत कसं चालेल! पण नव्या करारात पत्रं लिहिणारा प्रेषित पौल हे कोणाला म्हणतो बघा, करिंथ शहरातल्या मंडळीला, जिथे भाऊ भावाला कोर्टात खेचत होता आणि प्रभुभोजनाला कोणी उपाशी तर कोणी पिऊन तर्र. अशा लोकांना पवित्र जन म्हणायचं आणि मग पुढची पानंच्या पानं झापायचं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या मीटिंगमध्ये हे आठवलं तर बरं होईल, मला धरून.

'दास' ला नवरा अडला. हॉलमध्ये दास? काकाच म्हणाले, अहो रामदास नाही का, त्यात काय कमीपणा. विषय संपला. पप्पांनी फक्त जोडलं की मूळ ग्रीक शब्द गुलामाचा आहे, पगारी नोकराचा नाही, आणि पौल रोमकरांच्या पत्रात स्वतःची ओळख तिथूनच सुरू करतो.

'जिवंत धोंडे' वर तर काका थांबलेच. धोंडे कसले मॅडम, रत्नं करू का? 😄 आपल्याकडे धोंडा म्हणजे शिवीच. पण लिहिणारा येशूचा शिष्य पेत्र आहे, त्याचं स्वतःचं नाव शिमोन होतं आणि येशूने ठेवलेलं केफा म्हणजे खडकच, त्याला धोंड्याची लाज कशी वाटेल. आणि धोंडा एकटा पडून राहिला तर ठेच लागते, घरात बसवायचा तर आधी त्याला छिन्नी लागते. हे शेवटचं काका म्हणाले, त्यांचे वडील गवंडी होते.

'वकील' मात्र आम्ही काढलं. 'ख्रिस्ताच्या वतीने वकिली', पौलाचं करिंथकरांना दुसरं पत्र, अध्याय ५. नवरा म्हणाला लोक भाडेकराराचे कागद घेऊन येतील. नंतर कळलं की इथला वकील कोर्टातला नाहीच, पेशव्यांचा दिल्ली दरबारात असायचा तो, धन्याच्या वतीने बोलणारा. ठेवायला हवं होतं.

आणि 'प्रवासी'. २० वर्षांचं होम लोन काढलेल्या भिंतीवर 'प्रवासी व परदेशवासी' लावायचं, दर ५ तारखेला ईएमआय कापला की मी त्याच्याकडे बघते.

आता कापलेला स्टार. प्रूफ व्हॉट्सअॅपवर आलं, मी ऑफिसातून पटकन ओके केलं, चूक माझीही. सगळ्यात खाली योहान १५ मधलं 'मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात' होतं. आलं काय तर 'तुम्ही फाटा'. नवरा म्हणाला हे म्हणजे 'तुम्ही फुटा' चं सभ्य व्हर्जन. शिवाय ख्रिस्त मध्ये दीर्घ ख्री. काकांनी आधी फाँट्सवर ढकललं, तुम्हीच ओके केलं म्हणाले, थोडं वाजलं, पण शेवटी नवीन सागवानावर परत करून दिलं आणि फक्त लाकडाचे ४०० घेतले. दुसऱ्यांदा पप्पा स्वतः चष्मा लावून एकेक मात्रा बोटाने तपासत बसले, मागे मखरवाल्यांची रांग.

कोरीव काम एकदम क्लीन आहे, जोडाक्षरं तुटलेली नाहीत, 'ख्रि' चा पाय पण सुटसुटीत. पॉलिश थोडं जास्त चकचकीत आहे, मॅट सांगा. मागचा हुक हलका वाटला, आम्ही बदलला.

दुपारी १ ते ४ बंद असतं, पार्किंग विसरा, आणि गणपतीच्या आधीचा महिना जाऊच नका.