फातू हिवा: आठ महिन्यांनी लिहितेय

परत आल्या आल्या लिहिलं असतं तर पाचपैकी साडेपाच तारे दिले असते. म्हणून मुद्दाम थांबले. आता गुडघे बरे झालेत, कार्डाचं बिलही फिटलंय.

फातू हिवा हे प्रशांत महासागरात, फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसस बेटांमधलं अगदी दक्षिण टोकाचं. ताहितीपासून सुमारे चौदाशे किलोमीटर. विमानतळ नाही. ओमोआ आणि हानावावे ही दोनच गावं, वस्ती सहाशेच्या आसपास. आम्ही ताहितीवरच्या पपीते बंदरातून ‘आरानुई ५’ने गेलो. हे जहाज अर्धं मालवाहू: पुढे क्रेन आणि कंटेनर, मागे केबिन. बेटांवर सामान उतरतं, खोबऱ्याची पोती चढतात. किनाऱ्यावरची माणसं वाट बघतात ती सामानाची, आपली नव्हे. मला हेच सगळ्यात आवडलं. आपल्यासाठी कुणी नटून बसलेलं नाही, हे जाणवतं. अर्थात दोनशे पाहुणे एकदम उतरले की गाव थोडं नटतंच!

होडीतून उतरताना संकोच जहाजावरच ठेवून यावा. लाटेसरशी होडी वर आली की खलाशी दोन्ही दंड धरून सरळ उचलून ठेवतात.

ओमोआत बायका झाडाची साल कुटून कुटून ‘तापा’ नावाचं कापड करतात आणि त्यावर काळी नक्षी काढतात. तुतीची साल, वडाची, आणि नीरफणसाची! रत्नागिरीत जन्म गेला, पण आम्ही नीरफणसाचे फक्त काप तळले.

तिथून हानावावेपर्यंत डोंगरावरून सोळा-सतरा किलोमीटर चालत जाता येतं. सक्ती नाही, आमचे हे जहाजानेच वळसा घालून आले. चढ दमवतो, पण गुडघे जातात ते उतारावर. शेवटी हानावावेची खाडी आणि तिच्यावरचे उभे सुळके दिसतात. तिथे मी अर्धा तास नुसती बसून होते. फोटो काढले, पण एकातही ते आलेलं नाही.

‘अस्पर्श’ वगैरे शब्द मात्र जपून वापरा. पिकअप गाड्या आहेत, फोन आहेत, फ्रेंच शाळा आहे. आणि असावंच की.

गंमत म्हणजे तिथलं घड्याळही आपल्यासारखं अर्ध्या तासाच्या हिशोबाचं. फरक बरोबर पंधरा तासांचा, त्यामुळे लेकीला फोन करताना मिनिटं तीच.

तक्रारी दोन. एक, बेटावर मिळतो जेमतेम एक दिवस. दुसरी नोनो माशीची. मार्केससमधल्याच नुकु हिवा बेटावर किनाऱ्यावर चावली, तेव्हा कळलंसुद्धा नाही. नंतर खाजवून खाजवून जे डाग पडले ते अजून पोटऱ्यांवर आहेत. अंगभर तेल चोपडूनच उतरा. व्हिसाचंही आधी बघा: फ्रेंच पॉलिनेशिया शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसात, येत नाही. आमच्या एजंटाला हे शेवटच्या आठवड्यात उमगलं.

आणलेल्या वस्तूंपैकी मोनोई, म्हणजे तिआरे फुलं मुरवलेलं खोबरेल, जानेवारीत पुण्यात गोठलं. बाटली उन्हात ठेवली की झालं. तापाच्या कोपऱ्याला मात्र या पावसाळ्यात बुरशी धरली. कोरड्या ब्रशने झाडून तो आता काचेच्या चौकटीत घातलाय. घेणार असाल तर मृगाच्या आधी चौकट करून घ्या.