बी.एस्सी. केमिस्ट्री: डिग्री हातात आल्यानंतरचं दीड वर्ष

हा माझ्या डिग्रीचा रिव्ह्यू, म्हणून आधी वापराची माहिती देते. गाव अमळनेर तालुक्यात, विद्यापीठ कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र, मुख्य विषय केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. पास होऊन दीड वर्ष होत आलं. पहिलं वर्ष जळगाव एमआयडीसीतल्या एका पाइप कंपनीच्या लॅबमध्ये अप्रेंटिस म्हणून गेलं, आता तिथेच क्यूसीमध्ये (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे मालाची तपासणी) कंत्राटावर आहे. वर्गातले काही अंकलेश्वर-वापीला, काही चाकणला आणि बरेचसे अजून अभ्यासिकेत. त्यामुळे अनुभव माझा असला तरी ताडून पाहायला माणसं भरपूर होती.

मत थोडक्यात असं: डिग्रीने गेटच्या आत घेतलं जातं, पण आत गेल्यावर कोणत्या खात्यात बसवतील हे मार्कशीटवर ठरत नाही. आणि पहिलं खातं एकदा चिकटलं की सहज सुटत नाही.

चांगलं आधी सांगते, कारण या डिग्रीला नावं ठेवायची आपल्याकडे फॅशन आहे. माझ्या रोजच्या कामातली एक टेस्ट कार्बन ब्लॅकची. काळ्या एचडीपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) पाइपमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, २ ते ३ टक्के असावा लागतो, आयएस ४९८४ या भारतीय मानकात तशी अट आहे. कमी पडला तर आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात पाइप लवकर तडकायला लागतो. टेस्ट अशी: पाइपचा छोटा तुकडा वजन करून भट्टीत नायट्रोजनखाली तापवायचा, डेसिकेटरमध्ये (हवेतला ओलावा लागू न देणारं बंद भांडं) थंड करायचा, पुन्हा वजन, मग उरलेलं जाळून राख करायची आणि परत वजन. फरकातून टक्केवारी. हे म्हणजे कॉलेजमधली ग्रॅव्हिमेट्रीच, वजनावरून प्रमाण काढायची पद्धत. बेरियम सल्फेटचं क्रुसिबल तापवा, थंड करा, वजन करा, वजन स्थिर होईपर्यंत परत तेच. तेव्हा वैताग यायचा. इथे पहिल्या आठवड्यात गरम बोट (नमुना ठेवायची होडीसारखी छोटी पात्री) थेट तराजूवर ठेवायची नाही हे मला कोणी सांगावं लागलं नाही, आणि माझ्यासोबत लागलेल्या, केमिस्ट्री न शिकलेल्या मुलाला ते रोज सांगावं लागत होतं. सुपरवायझरच्या नजरेत माझी किंमत तिथेच ठरली.

आता जे नाही मिळालं ते. यंत्रं. मेल्ट फ्लो इंडेक्सर मी कंपनीत पहिल्यांदा पाहिला. १९० अंशाला ५ किलोच्या वजनाखाली प्लास्टिक किती वाहतं ते हे यंत्र मोजतं, शिकायला दोन-तीन दिवस पुरले. त्यामुळे यंत्र न दाखवल्याची तक्रार मी फार मनावर घेत नाही, ते शिकता येतं. खरी उणीव जर्नलची आहे. कॉलेजात ब्युरेटची तिन्ही रीडिंग सारखी, शेवटी सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) लिहून चौकट. चुकलं की व्हाइटनर. सिनियरचं जर्नल समोर ठेवून रीडिंग 'जुळवणं' ही तर परंपराच. कंपनीत व्हाइटनरला बंदी. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, बाजूला खरा आकडा, सही, तारीख. जुना आकडा वाचता आला पाहिजे. ऑडिटर निकालापेक्षा आधी वही बघतो. तीन वर्षांत सुंदर जर्नलला मार्क मिळाले, खऱ्या जर्नलला मिळाले असते तर बी.एस्सी.ची किंमत बाजारात वाढली असती असं मला वाटतं.

अप्रेंटिसशिपबद्दल बरेच जण मेसेज करून विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीनंतर इंजिनिअरिंगखेरीज इतर पदवीधरांनाही जागा झाली. नोंदणी नॅट्सच्या (केंद्राची अप्रेंटिसशिप योजना) पोर्टलवर. माझ्या वेळी पदवीधर अप्रेंटिसचा किमान स्टायपेंड महिना ९,००० रुपये होता आणि किमान रकमेचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलत होतं. शेअरमध्ये रूम, मेस आणि शनिवारी गावाकडे एसटी इतकं त्यात बसतं, घरी पाठवायला काही उरत नाही. दोन गोष्टी जॉइन होण्याआधी माहीत असाव्यात. अप्रेंटिस कायद्याने कामगार धरला जात नाही, शिकाऊ धरला जातो. आणि वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर नसतं. आमच्या बॅचमधल्या निम्म्याहून अधिक जणांना शेवटी प्रमाणपत्र आणि हस्तांदोलन मिळालं.

माझी एक मैत्रीण मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कार्यालयात लागली. तिथे पदवीधराला महिना १०,००० होते, मुदत आधी ६ महिने होती, नंतर ११ झाली. पैसे माझ्यापेक्षा जास्त. काम आवक-जावक नोंदी आणि झेरॉक्स. आता मुलाखतीत 'केमिस्ट्रीचं काय काम केलं?' विचारलं की तिच्याकडे सांगायला काही नसतं. पहिल्या वर्षी हजार रुपये कमी घ्या पण विषयाच्या जवळ राहा, असं मी तरी म्हणेन.

आता जे कॉलेजमध्ये कुणीच सांगितलं नाही ते. आपल्याकडच्या केमिस्ट्रीवाल्यांचा मोठा लोंढा तापी लाइनने गुजरातेत औषध कंपन्यांकडे जातो. तिथे करिअरची गाडी अडते किंवा सुटते ती 'अप्रूव्हल'वर, म्हणजे तांत्रिक माणूस म्हणून मिळणाऱ्या सरकारी मान्यतेवर. औषध नियमांनुसार उत्पादनावर देखरेख करणारा तांत्रिक माणूस फार्मसीचा पदवीधर असेल तर उत्पादनाचा १८ महिन्यांचा अनुभव पुरतो, केमिस्ट्री मुख्य विषय असलेल्या बी.एस्सी.ला ३ वर्षं लागतात. म्हणजे शिरपूरहून बी.फार्म. केलेला मुलगा आणि अमळनेरहून बी.एस्सी. केलेला मुलगा एकाच दिवशी प्रॉडक्शनला लागले, तरी दुसरा दीड वर्ष मागेच. अर्थात बी.फार्म. चार वर्षांचं आणि फी भलतीच, तेव्हा हिशेब अगदी एकतर्फी नाही.

पण त्या अटीत 'उत्पादनाचा अनुभव' आहे ना, तिथे मुली अडकतात. माझ्या वर्गातल्या ज्या मुली तिकडे गेल्या त्या सगळ्या क्यूसी किंवा डॉक्युमेंटेशनला, जनरल शिफ्टला. प्रॉडक्शन तीन शिफ्टमध्ये चालतं, तिथे मुलींना घेतच नाहीत, आणि घेतलं तर घरचे पाठवत नाहीत. क्यूसीत पाच वर्षं काढली तरी उत्पादनाच्या अप्रूव्हलसाठी ती मोजली जात नाहीत. डिग्री तीच, मार्क बहुधा मुलांपेक्षा जास्त, आणि वाट पहिल्याच दिवशी वेगळी झालेली. मला अंकलेश्वरची ऑफर होती. मावशीने एवढंच विचारलं, "पगार कितला शे?" आणि आकडा ऐकून विषय मिटला. रूमभाडं वजा केल्यावर जळगाव आणि अंकलेश्वर सारखंच पडत होतं, म्हणून मीही फार ताणलं नाही.

अभ्यासिकेतल्यांवर हसू नये. २०२२-२३ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात देशातला एकूण बेरोजगारी दर ३.२ टक्के होता आणि पदवीधरांचा १३.४. याचा अर्थ शिक्षणाने माणूस निकामी होतो असा लावतात, तो चुकीचा. ज्याच्या घरी चूल पेटायला आजची मजुरी लागते तो बेरोजगार राहूच शकत नाही. मिळेल ते काम करतो. बापाकडे चार एकर कापूस आणि हातात डिग्री असलेला मुलगा दोन-तीन वर्षं थांबू शकतो, म्हणून थांबतो. धुळ्यात, जळगावात अशा थांबलेल्यांच्या खुर्च्या महिन्याच्या भाड्याने मिळतात. अडचण थांबण्याची नाही, थांबलेल्या वर्षांत केमिस्ट्री हातातून जाते याची आहे. तिशीकडे आलेला फ्रेशर कोणत्याच लॅबला नको असतो.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीलाच ऑन जॉब ट्रेनिंग जोडलं आहे. कल्पना मला पटते. पण जळगावच्या कॉलेजला शेजारी एमआयडीसी आहे, नंदुरबारच्या डोंगराळ भागातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांनी कुठे जायचं? लेटरहेडवर हजेरी लिहून आणायची वेळ आली तर ते पुन्हा जुळवलेलं जर्नलच.

पाचपैकी साडेतीन. मी मुलगा असते तर बहुधा चार दिले असते. लगेच पगार हवा असेल आणि बारावीला मार्क बेताचे असतील तर केमिकलचा डिप्लोमाही बघा. पुढे एम.एस्सी. करायची तयारी असेल तर बी.एस्सी. बिनधास्त घ्या, पण दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात कुठल्या तरी लॅबमध्ये महिनाभर फुकट का होईना, उभे राहा. पाण्याची किंवा मातीपरीक्षणाची लॅबही चालेल.

एक काम आजच करा. आधार, मार्कशीट आणि बँक पासबुक तिन्हीवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का बघा. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मधल्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, हे आपल्याकडे घरोघरी आहे, आणि स्टायपेंड खात्यावर येताना नेमकं तिथेच अडतं. दुरुस्तीला वेळ जातो, त्यामुळे शेवटच्या सेमिस्टरची वाट पाहू नका.