दोन्ही हातांत हत्यार घेणाऱ्यांसाठी २०२४ चं प्लेअर्स हँडबुक: रिव्ह्यू

डन्जन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, कॅरेक्टर बनवून, फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ. त्याचं २०२४ चं नवीन नियमांचं पुस्तक म्हणजे प्लेअर्स हँडबुक, ३८४ पानं, १२ क्लास (कॅरेक्टरचे प्रकार), ४८ सबक्लास (त्यांचे पोटप्रकार). सगळ्याचा रिव्ह्यू इथं करत नाही, तो करणारे खूप जण आहेत. मी फक्त एकाच गोष्टीवर लिहिणार, दोन्ही हातांत हत्यार घेऊन लढणारं कॅरेक्टर, कारण आमच्या टेबलावर दर मोहिमेत असा एकतरी जण असतोच. कोल्हापुरात ते होणारच ना, शिवजयंतीला आणि दसऱ्याला मर्दानी खेळात दोन्ही हातांत पट्टे घेऊन गरागरा फिरणारी पोरं-पोरी बघत मोठ्या झालेल्या माणसाला तुम्ही ढाल-तलवारवाला फायटर दाखवला की तो आधी हेच विचारतो, भावा, डाव्या हातात पण तलवार दिली तर?

तर माझं मत आधीच सांगून टाकतो. या पुस्तकात डाव्या हाताला पहिल्यांदा खरं काम मिळालंय. आणि जोडी निवडताना लोक अजूनही फाशाचा आकार (डॅमेजसाठी किती बाजूंचा फासा मिळतो ते) बघत बसतात ते चुकीचं आहे, डावा हात तुमच्यासाठी काय करणार ते बघा आणि मग हत्यार ठरवा.

जुना प्रॉब्लेम काय होता ते कळल्याशिवाय नवीन नियमाची किंमत कळणार नाही. २०१४ च्या पुस्तकात उजव्या हातातल्या लाईट (पुस्तकानं हलकं ठरवलेल्या) हत्यारानं मारलं की डाव्या हातातल्या दुसऱ्या लाईट हत्यारानं एक जादा वार मिळायचा, पण तो बोनस अॅक्शन (मुख्य अॅक्शनशिवायची छोटी जादा कृती) खायचा. आणि बोनस अॅक्शन एका टर्नला, म्हणजे आपल्या एका पाळीला, एकच. आता रेंजर म्हणजे रानात माग काढणारा शिकारी क्लास घ्या, त्याचं सगळ्यात लाडकं स्पेल (मंत्र) म्हणजे हंटर्स मार्क, ज्याच्यावर खूण केली त्याला प्रत्येक यशस्वी वाराला एक डी६ (सहा बाजूंचा फासा) जादा, म्हणजे जेवढे वार जास्त तेवढा फायदा जास्त, दोन तलवारींच्या रेंजरसाठीच बनवल्यासारखं. पण मार्क टाकायला बोनस अॅक्शन लागते. पहिल्या टर्नला मार्क टाकला की डावी तलवार नुसती हातात. शत्रू मेला, मार्क दुसऱ्यावर हलवायचा, परत बोनस अॅक्शन, परत डावी तलवार नुसती हातात. रोग म्हणजे लपूनछपून वार करणारा चोरटा क्लास, त्याचं तर त्याहून वाईट, त्याचं पळणं, लपणं, शत्रूच्या तावडीतून सटकणं सगळं बोनस अॅक्शनवर, म्हणजे एकतर दुसरा वार कर नाहीतर जीव वाचव. बार्बेरियनला रेजमध्ये (चवताळून लढायच्या अवस्थेत) जायलाच बोनस अॅक्शन. तिघांनाही हा स्टाईल शोभतो आणि तिघांनाही नियमच आडवा यायचा.

२०२४ च्या पुस्तकात प्रत्येक हत्याराला एक मास्टरी (त्या हत्याराची खास करामत) दिलीय, एकूण आठ प्रकारच्या, आणि ती वापरता येते फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर आणि रोग या पाच क्लासना पहिल्या लेव्हलपासून. फायटरला सुरुवातीला तीन हत्यारांची, बाकीच्यांना दोन-दोन. दोन म्हणजे बरोबर एक जोडी. आपल्या कामाच्या मास्टरी दोनच, निक आणि वेक्स. निक म्हणजे तो लाईट हत्याराचा जादा वार बोनस अॅक्शन न खाता अटॅक अॅक्शनमध्येच होतो, टर्नला एकदा. वेक्स म्हणजे वार लागून डॅमेज झालं की त्याच शत्रूवर तुमच्या पुढच्या वाराला अॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा), तुमची पुढची टर्न संपेपर्यंत कधीही वापरा. निक मिळते डॅगर, लाईट हॅमर, सिकल आणि सिमिटारला. वेक्स मिळते शॉर्टसोर्ड, हँडअॅक्स, रेपियरला.

आता हे नीट बघा. लाईट हत्यारांत एक क्लब सोडला, त्याला स्लो आहे, तर बाकी सगळी एकतर निक नाहीतर वेक्स. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यांनी जोडी मुद्दाम अशी ठेवलीय की एक हात दार उघडतो आणि दुसरा हात आत घुसतो. दोन शॉर्टसोर्ड घेतल्या की परत बोनस अॅक्शन गेली, दोन सिमिटार घेतल्या की अॅडव्हांटेज गेला. एकसारखी जोडी दिसायला लय भारी, पण या पुस्तकात तोट्याची आहे.

रोगसाठी तर हे नाद खुळा आहे. स्नीक अटॅक (रोगचा जादा डॅमेजचा दगाफटका) टर्नला एकदाच, आणि तो बसायला एकतर अॅडव्हांटेज पाहिजे नाहीतर आपला कुणीतरी शत्रूच्या शेजारी पाहिजे. समजा रोग एकटाच पुढे गेलाय, सोबत कोणी नाही. शॉर्टसोर्डचा वार लागला, साधंच डॅमेज झालं, पण वेक्स लागला. आता डाव्या हातातला निकवाला वार अॅडव्हांटेजनं, म्हणजे स्नीक अटॅक मिळाला, कुणाच्या मदतीशिवाय. आणि बोनस अॅक्शन अजून शिल्लकच आहे, तिच्यावर सटकून मागं या. आणि आपला माणूस शेजारी उभा असेल तर दोन वार म्हणजे स्नीक अटॅक बसवायच्या दोन संधी, एका वाराला ६० टक्के चान्स असेल तर दोनपैकी एकतरी लागायचा चान्स ८४ टक्के होतो. पाचव्या लेव्हलला स्नीक अटॅक तीन डी६ म्हणजे सरासरी साडेदहा. हा साडेदहाचा आकडा हुकू नये म्हणून डावा हात आहे, डाव्या हातातल्या पात्याचं स्वतःचं डॅमेज गौण आहे.

म्हणूनच रोगच्या डाव्या हातात मी सिमिटार नाही, डॅगर देतो. डॅगर डी४, सिमिटार डी६, सरासरीत फरक फक्त एक पॉइंट. पण डॅगर फेकता येतो, २० फुटांपर्यंत बिनधास्त आणि ६० पर्यंत डिसअॅडव्हांटेजनं (दोन फाशांतला लहान आकडा धरून), आणि फेकायचं हत्यार त्याच वारात कमरेतून काढता येतं, आणि किंमत २ सोन्याची नाणी तर सिमिटारची २५. पहिल्या लेव्हलच्या कॅरेक्टरला हा फरक जाणवतो. कमरेला चार-पाच डॅगर अडकवून ठेवले की लांबचा शत्रू पण आवाक्यात. एक लक्षात ठेवा, स्नीक अटॅकला फायनेस (ताकदीऐवजी चपळाईवरही चालणारं) नाहीतर रेंज्ड (लांबून मारायचं) हत्यार लागतं, त्यामुळं हँडअॅक्स, लाईट हॅमर, सिकल ही रोगच्या कामाची नाहीत, कितीही आवडली तरी.

रेंजरला उलट. उजवीकडं शॉर्टसोर्ड, डावीकडं सिमिटार, दोन्ही डी६, दोन्ही फायनेस. हंटर्स मार्क आता रेंजरला कायम तयार असतं आणि पहिल्या लेव्हलपासून दिवसाला दोनदा स्लॉट (मंत्र टाकायचा मोजका कोटा) न घालवता टाकता येतं, आणि मुख्य म्हणजे मार्क टाकला त्याच टर्नला दोन्ही तलवारी चालतात. पाचव्या लेव्हलनंतर तीन वार होतात, तिथं आमच्या टेबलावर क्रम असा ठरलाय की आधी शॉर्टसोर्ड, मग अॅडव्हांटेजनं सिमिटार, आणि शेवटी परत शॉर्टसोर्ड, म्हणजे शेवटचा वार लागला तर वेक्स पुढच्या टर्नला घेऊन जाता येतो आणि पुढची टर्न अॅडव्हांटेजनंच सुरू होते. ११ किंवा जास्त पडायला पाहिजे असेल तर साधा चान्स ५० टक्के, अॅडव्हांटेजनं ७५. फायटिंग स्टाईलमध्ये टू-वेपन फायटिंगच घ्या, नाहीतर जादा वाराच्या डॅमेजमध्ये तुमचा डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) आकडा मिळत नाही, आणि तो फासा मोठा घेण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

बार्बेरियनचं थोडक्यात, हँडअॅक्स आणि लाईट हॅमर, दोन्ही फेकता येतात, स्ट्रेंग्थवर चालतात आणि रेजचं डॅमेज प्रत्येक वाराला मिळतं. कोणी म्हणेल रेकलेस अटॅकनं (बार्बेरियनच्या बेधडक वारानं) अॅडव्हांटेज मिळतोच मग वेक्स कशाला, तर रेकलेस केलं की शत्रूला पण तुमच्यावर अॅडव्हांटेज मिळतो. वेक्स लागलेला असेल तर त्या टर्नला सगळ्यांसमोर छाती उघडी टाकायची गरज पडत नाही.

ड्युअल विल्डर फीट (फीट म्हणजे कॅरेक्टरला निवडून घेता येणारी खास कला) बदललंय. जुन्यात एसी (बचावाचा आकडा) एकनं वाढायचा, तो गेला. आता स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी एकनं वाढते, आणि लाईट हत्यारानं वार केला की बोनस अॅक्शनवर आणखी एक वार वेगळ्या हत्यारानं, ते हत्यार लाईट नसलं तरी चालतं, फक्त दोन हातांनी धरायचं नको. चौथ्या लेव्हलला घेतलं तर पाचव्या लेव्हलचा फायटर दोन साधे, एक निकचा, एक फीटचा असे चार वार करतो. फायटरला हे फीट घ्याच म्हणेन. रेंजर आणि रोगला मात्र घेऊ नका असं माझं स्पष्ट मत, कारण निकनं जी बोनस अॅक्शन मोकळी करून दिली तीच तुम्ही परत अडकवताय.

बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम खेळून टेबलावर येणाऱ्यांना एक सूचना. तो गेम २०२३ चा, जुन्या नियमांवर बेतलेला, तिथं निक नाही, तिथं रोगच्या थीफ सबक्लासला दोन बोनस अॅक्शन मिळतात म्हणून डावा हात चालतो. तिथली सवय इथं आणली तर थीफ घेतल्याशिवाय दोन हत्यारं बेकार असं वाटतं. इथं तसं नाही.

आता जे पटलं नाही ते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लाईट हत्याराच्या नियमात लिहिलंय की जादा वार वेगळ्या लाईट हत्यारानं करायचा, पण ते दुसऱ्या हातात पाहिजे असं लिहिलेलंच नाही. २०१४ मध्ये दुसरा हात असा स्पष्ट शब्द होता. आणि नवीन नियमात प्रत्येक वारासोबत एक हत्यार काढता किंवा ठेवता येतं. झालं, आता माणूस एका हातात ढाल धरतो, दुसऱ्या हातानं शॉर्टसोर्ड मारतो, म्यान करतो, सिमिटार काढतो, मारतो, आणि ढालीचा दोनचा एसी पण खातो. मग ज्यानं खरोखर दोन्ही हातांत हत्यार घेतलंय, ढाल सोडून धोका पत्करलाय, त्यानं काय मिळवलं? नियमाला धरून आहे म्हणून वाद घालणारे भेटतात, पण मला हे मनापासून खटकतं. आमच्या डीएमनं (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की निकचा वार पाहिजे तर वार करताना दोन्ही हत्यारं दोन्ही हातांत दिसली पाहिजेत, फेकायच्या हत्याराला तेवढी सूट. तुम्ही पण खेळ सुरू व्हायच्या आधीच हे बोलून घ्या.

दुसरं, एवढ्या सुंदर छापलेल्या पुस्तकात हा एक विषय तीन ठिकाणी विखुरलाय. लाईट आणि मास्टरी हत्यारांच्या प्रकरणात, फायटिंग स्टाईल आणि ड्युअल विल्डर फीटच्या प्रकरणात, कुणाला किती मास्टरी ते क्लासच्या प्रकरणात. नवीन माणूस पानं उलटून थकतो, आम्ही शेवटी एका कागदावर सगळं उतरवून कॅरेक्टर शीटला चिकटवलं.

तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. दोन लांब हत्यारं एकत्र चालतच नाहीत, फीट घेतलं तरी एक लाईट लागतंच. आणि आमच्याकडं येणारा प्रत्येक दुसरा माणूस म्हणतो मला दोन्ही हातांत दांडपट्टा पाहिजे, २०२४ मध्येच राज्य सरकारनं त्याला राज्यशस्त्र जाहीर केलंय, मग तर विचारूच नका. पट्टा म्हणजे लांब लवचिक पातं, हात कोपरापर्यंत लोखंडी आवरणात, मनगट वळत नाही, सगळा फिरवा खांद्यातून आणि पायातून. पुस्तकात असलं काही नाही. आम्ही काढलेला मार्ग असा, दोन्ही पट्टेच म्हणायचे, पण नियमाला उजवा पट्टा शॉर्टसोर्ड आणि डावा सिमिटार धरायचा, फक्त उजव्याचं डॅमेज भोसकण्याऐवजी कापण्याचं करायचं. आणि एक बंधन, लढाई चालू असताना पट्टा काढून दुसरं हत्यार घ्यायचं तर पूर्ण अॅक्शन जाणार, कारण खऱ्या पट्ट्यातून हात असा पटकन निघत नाही. न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये जाऊन जुनी हत्यारं एकदा जवळून बघा, पुस्तकातली वजनं आणि चित्रं त्यानंतर वेगळी वाटायला लागतात.

ग्रेटसोर्डवाल्यांशी (दोन्ही हातांनी एकच मोठी तलवार धरणाऱ्यांशी) तुलना करायचीच तर वरच्या लेव्हलला फक्त डॅमेज पाहिजे असेल तर ते पुढं राहतात. शिवाय दोन जादूची हत्यारं मिळवायची म्हणजे दुप्पट नशीब लागतं, आणि दोन्हींना अट्यूनमेंट (जादूची वस्तू स्वतःशी जोडून घेणं) लागत असेल तर तीनपैकी दोन जागा त्यातच गेल्या. डीएमला आधीच सांगून ठेवा.

विकत घ्यायचं का? तुम्ही डीएम असाल किंवा फायटर खेळणार असाल तर घ्या, पुस्तकाची छापील किंमत ४९.९९ डॉलर आहे, इथं येईपर्यंत स्वस्त पडत नाही, पण एका ग्रुपला एक प्रत पुरते. नुसता रोग किंवा रेंजर खेळायचा असेल तर २०२५ मध्ये आलेलं फुकटचं एसआरडी ५.२ (नियमांचा निवडक संच) आधी उतरवून घ्या, हत्यारांचा तक्ता, निक, वेक्स, टू-वेपन फायटिंग सगळं त्यात आहे, ड्युअल विल्डर फीट तेवढं नाही, आणि त्या दोघांना ते लागत पण नाही.