फोल्डस्कोप: जोडायला सोपा, वापरायला शिकावा लागतो

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी २०१४ मध्ये शोधनिबंधातून मांडलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक आता किटच्या रूपात मिळतो. कागद सहजी न फाटणारा, भिंग मोहरीएवढं, साधारण १४० पट मोठं दाखवणारं. जोडणीला पैकीच्या पैकी गुण. पण स्लाइड, म्हणजे नमुना ठेवायची पट्टी, कशी करायची, हे नवख्याला नीट सांगितलेलं नाही, आणि बहुतेकांचा फोल्डस्कोप खणात जाऊन पडतो तो त्यामुळेच.

जोडणीत एकच पथ्य: प्रत्येक घडी नखाने दाबून पक्की करा. घडी सैल राहिली की फोकस लावून हात काढताच चित्र हलतं. भिंगाला बोट लागलं तर मऊ कोरड्या कापडाने पुसा. बोटाचा तेलकट ठसा सगळ्या चित्रावर धुकं आणतो.

खरी अडचण अंतराची आहे. भिंग म्हणजे २.४ मिलिमीटरपेक्षा जरा कमी व्यासाची काचेची गोळी. तिच्या पृष्ठभागापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर वस्तू असेल तरच ती स्पष्ट दिसते. काचेची स्लाइड असते सुमारे १ मिलिमीटर जाडीची. ती उलटी घातली, म्हणजे कव्हरस्लिप (नमुन्यावर झाकायची पातळ काच) भिंगाकडे न येता पलीकडे गेली, तर फोकसची पट्टी कितीही सरकवा, काही दिसणार नाही. ‘माझा फोल्डस्कोप खराब निघाला’ अशा तक्रारींत आधी हेच तपासावं. अख्खी मुंगी, जाड पान, मातीचा खडा यांचंही तेच: वरचा थर दिसला तरी बाकीचं धूसर, आणि पानातून तर उजेडच पलीकडे येत नाही.

सुरुवात कांद्याने करा. पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोलून नखाएवढा तुकडा घ्या. पाण्याच्या एका थेंबात तो सपाट पसरा. दुमडला तर पेशींचे दोन थर एकावर एक दिसतात. पाणी घातलेल्या आयोडीनचा एक थेंब टाकून दोन-तीन मिनिटं थांबा, मग केंद्रकं पिवळसर-तपकिरी उठून दिसतात. कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून तिरकी, हळू खाली सोडा. सरळ टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचं, अगदी वाटोळं, आत काहीच नसलेलं जे दिसतं तो बुडबुडा; नवशिके हमखास त्यालाच पेशी समजतात! जास्तीचं पाणी टिपकागदाने कडेने ओढून घ्या, नाहीतर कव्हरस्लिप तरंगते आणि भिंग ओलं होतं. परागकणांना एवढा खटाटोप लागत नाही, पारदर्शक चिकटपट्टीवर टिपले की झालं.

उजेड पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा घ्या. सूर्याकडे रोखून कधीही पाहू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. दिवा थेट मागे धरला तर गालाच्या आतल्या पेशींसारखे पारदर्शक नमुने झगमगाटात हरवतात. मध्ये ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरला की फरक लगेच दिसतो.

अपेक्षा किती ठेवायची? सुमारे २ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील वेगळा ओळखता येतो. परागकण, डबक्यातले पॅरामिशियमसारखे एकपेशीय जीव, शेवाळाचे धागे झकास. ७-८ मायक्रॉनच्या तांबड्या रक्तपेशी नुसत्या चकत्या म्हणून दिसतात. बहुतेक जिवाणू १-२ मायक्रॉनचे, तेव्हा ‘दह्यातले जिवाणू पाहा’ असं कुणी मुलांना सांगत असेल तर त्यांचा हिरमोड ठरलेला. एकाच गोळीचं भिंग असल्यामुळे चित्र मध्यभागीच धारदार, कडेला पसरट. पाहायची गोष्ट मध्ये आणायची सवय करा.

रोगनिदानासाठी मात्र यावर भिस्त नको. घानामध्ये लघवीतली शिस्टोसोमा कृमीची अंडी फोनला जोडलेल्या फोल्डस्कोपने शोधून पाहिली, तेव्हा जेमतेम ५६ टक्के बाधित पकडले गेले. आणि ही अंडी १०० मायक्रॉनहून मोठी असतात.

फोल्डस्कोप फोनला जोडायचं चुंबक भिंग-छिद्राच्या बरोबर मध्यावर बसलं पाहिजे. जरा सरकलं की अर्धं चित्र काळं. अनेक कॅमेऱ्यांचे फोन जवळची वस्तू पाहून आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतात, तेव्हा मॅक्रो बंद करून मुख्य कॅमेरा कायम ठेवा. फोटोखाली ‘१४० पट’ लिहू नका. तो आकडा डोळा लावून पाहण्याचा आहे, फोनवर झूमनुसार तो बदलतो.