रेसिडेंट एव्हिल ५ जोडीनं खेळताना: सात महिने, नऊ खण आणि एक जाकीट

जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. गेममधल्या खाणीतल्या मिट्ट काळोखात आमची शेवा, म्हणजे नवरा चालवतो ते पात्र, कंदील घेऊन डावीकडे चालू लागली. तिथे ज्याच्या हातात कंदील असतो त्याला गोळी झाडता येत नाही, आणि ज्याच्या हातात बंदूक त्याला दिसत नाही. कंदील नवऱ्याकडे, बंदूक माझ्याकडे. मी ओरडले, "अरे, दिवा घेऊन कुठे निघालास?" तर हा म्हणतो, "मी हातच लावलेला नाहीये!" बघते तर खरंच, कंट्रोलर मांडीवर आणि हा दोन्ही हातांनी मक्याचं कणीस खातोय. कंट्रोलर टीपॉयवर ठेवून पाहिला. शेवा भिंतीला नाक लावून चालतच होती.

तेव्हा हा अनुभव निम्मा गेमचा आणि निम्मा त्या कंट्रोलरचा. गेम काय आहे ते सांगत बसत नाही. २००९ चा आहे, आम्ही खेळतो ती २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आलेली आवृत्ती. मशीन नवऱ्याच्या मावसभावाने कॅनडाला जाताना दिलं, सोबत एकच कंट्रोलर. दुसरा आम्ही डिसेंबरात ऑनलाइन घेतला, मूळ कंपनीचा नाही, स्वस्तातला. कंपनीचं नाव लिहीत नाही.

इतका जुना गेम का, तर एका टीव्हीसमोर, एका सोफ्यावर, एकाच कॉपीत दोघांना खेळता येतील असे भुताखेतांचे गेम शोधायला गेलं की हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडतात. फॅस्मोफोबियाचं सगळे नाव घेतात, पण त्याला प्रत्येकाचं मशीन वेगळं आणि गेमही वेगळा विकत घ्यायचा. एका घरात राहून, एका फ्रिजमधलं खाऊन, एकमेकांशी इंटरनेटवरून बोलायचं? कोपरखैरण्याच्या रो हाऊसमध्ये खालची खोली ती केवढी! हा सेलमध्ये ४९९ ला मिळाला, घेतला.

आता मार्चमध्ये पहिल्यांदा गेम संपवला तेव्हा फोनमध्ये लिहून ठेवलेलं मत जसंच्या तसं देते:

"भीती वाटत नाही. स्क्रीन दोघांत वाटली की पूर्ण वापरतही नाहीत, वरची खिडकी एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला सरकवलेली, उरलेली जागा काळी. ३२ इंची टीव्हीवर प्रत्येकाच्या वाट्याला लोकलच्या खिडकीएवढं दिसतं. चालता चालता गोळी झाडता येत नाही, थांबावं लागतं. सामान ठेवायला माणशी फक्त नऊ खण. जाकिटाचा प्रकार तर निव्वळ मूर्खपणा. पाचपैकी अडीच."

यातलं स्क्रीनचं मत अजून तसंच आहे. बाकीच्यावर बोलू.

आधी जाकीट, कारण त्याच्यावरून आमच्या घरी जेवढी भांडणं झाली तेवढी लग्नाच्या हॉलवरूनही झाली नव्हती. प्रत्येकाकडे तीन बाय तीनचे नऊ खण. एका खणात एक वस्तू. पिस्तूल एक खण. त्याच्या गोळ्या एक खण, त्यातही पन्नासच मावतात, एक्कावन्नावी आली की दुसरा खण. इथपर्यंत ठीक. रॉकेट लाँचरलाही एकच खण. कोंबडीच्या अंड्यालाही एकच खण. म्हणजे खांद्यावर घ्यायची तोफ आणि अंडं यांना सारखीच जागा! हेही एक वेळ सोडून दिलं. पण संरक्षणाचं जाकीट अंगात घातलं तरी ते एक खण अडवून बसतं. अंगात घातलेलं! मी स्वेटर घालून ऑफिसला निघाले म्हणून माझ्या पर्समधली डब्याची जागा जाते का? जाकिटं दोन प्रकारची, एक मारापासून वाचवणारं, एक गोळ्यांपासून. दोन्ही घातली तर नऊचे सात खण. चाकूला मात्र खण लागत नाही. कुठल्या जपानी साहेबाने हा हिशेब मांडला त्याला एकदा आमच्या डीमार्टच्या रांगेत उभं करायला हवं.

नवऱ्याचं म्हणणं, मग घालू नकोस ना. त्याचं सगळं असंच असतं. तो समोर दिसेल त्याच्यावर गोळ्या उधळतो, मग बटण दाबून मागतो. माझा ख्रिस, म्हणजे मी चालवते ते पात्र, पिस्तुलाने एकेक गोळी मोजून गुडघ्यावर मारतो, समोरचा वाकला की जवळ जाऊन ठोसा. ठोशाला गोळी लागत नाही. अशी मी पंचवीस गोळ्या वाचवते आणि त्या हा दोन मिनिटांत भिंतीवर मारतो. वर देवाणघेवाण करताना गेम थांबत नाही. पिशवी उघडली तरी समोरचा कुऱ्हाड घेऊन येतच असतो. त्यामुळे "तुझ्याकडे किती आहेत? खरं सांग," हा आमचा संवाद कुऱ्हाड डोक्यावर असताना चालतो. आणि मी खोटं सांगते, हे कबूल करते. दोन भागांच्या मधे जादा सामान कोठारात टाकता येतं. पहिल्यांदा गेम संपला तेव्हा माझ्या कोठारात इतका पाला आणि इतक्या गोळ्या पडून होत्या की नवरा दोन दिवस बोलला नाही.

पाला म्हणजे गेममधली जखम भरून काढणारी औषधी झाडं, शब्द सासूबाईंचा. त्या आधी आतल्या खोलीत बसायच्या, जानेवारीपासून बाहेर येऊन बसू लागल्या. हिरवी कुंडी दिसली की "अगं, तिथे पाला राहिला, घे." हिरव्यात लाल मिसळला की जास्त गुण येतो हे त्यांनी आमच्याआधी लक्षात ठेवलं. शेवाचं नाव ऐकून पहिल्या दिवशी विचारलं होतं, "ही न्हावा-शेव्याकडची का?" त्यानंतर आमच्या घरी तिला उरणची पोरगीच म्हणतात. शेजारच्या काकूंना मात्र हे माहीत नव्हतं. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत, आणि ख्रिस संकटात सापडला की "शेवा! शेवा!" करून बोंबलतो. एकदा पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी मला हळूच विचारलं, घरी कोणी नवीन आलंय का.

आता भीतीबद्दलचं मत बदललं ते कसं. एप्रिलमध्ये नवऱ्याची आठवडाभर रात्रपाळी होती, तेव्हा मी एकटीने खेळून पाहिलं. एकटं खेळलं की शेवाला मशीन चालवतं. मला नुसतं खरचटलं तर या बाईने अख्खा फर्स्ट एड स्प्रे मारला. वर माझ्या राखून ठेवलेल्या गोळ्या फुकट घालवल्या. नवरा परवडला. पण मुद्दा तो नाही. एकटीने खेळताना शेवा पडली तर मला चीड आली, पोटात गोळा आला नाही. नवरा खेळत असताना त्याची शेवा कुठेतरी लांब, कुंपणापलीकडे आडवी पडते, घड्याळ चालू होतं, आणि दोघांतला एक मेला की दोघांचा खेळ खलास. तेव्हा मी जी धावते ना, ठाणे-वाशी लोकल सुटत असताना कोपरखैरण्याचा जिना मी तशी उतरलेली नाही. त्यात पिशवीत पाला शोधायचा, बोटं थरथरतात. त्या नऊ खणांत काय ठेवलंय आणि काय हावरटपणाने ठेवलेलं नाही, ते त्या क्षणी कळतं. माणशी अठरा खण असते तर दोघांनी आपापलं भरून घेतलं असतं आणि एकमेकांकडे बघितलंही नसतं. तर खणांचा राग मागे घेते. जाकिटाचा नाही.

पाचव्या भागात झुरळाच्या जातीचा एक भलामोठा प्राणी येतो, जवळ आला की एका फटक्यात खेळ संपतो. कुऱ्हाडवाल्याला न घाबरणारा नवरा तिथे पाय सोफ्यावर घेऊन बसला. शेवटच्या ज्वालामुखीत ख्रिस भल्यामोठ्या धोंड्याला बुक्क्या मारतो, तो प्रकार बघून सासूबाई इतक्या हसल्या की मला दोनदा मरावं लागलं.

कंट्रोलरकडे वळते. मे महिन्यातच शेवा थोडी डावीकडे रेलायला लागली होती. तेव्हा वॉरंटी शिल्लक होती, सहा महिन्यांची. मी कंपनीला मेल टाकला, व्हिडिओ जोडला. उत्तर आलं, रीसेट करा, ब्लूटूथ पुन्हा जोडा. केलं. मग खाणीतली ती रात्र झाली, आणि वाशीतल्या त्यांच्या केंद्रात गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, वॉरंटी संपून अकरा दिवस झाले." मी मेल दाखवला. म्हणाला, ती चौकशी होती, तक्रार नव्हती. तक्रारीचा क्रमांक लागतो. मी विचारलं, तुमच्याच माणसाने उत्तर दिलंय ना? मग आत जाऊन आला, म्हणाला ही नैसर्गिक झीज आहे, वॉरंटीत बसतच नाही. म्हणजे तारखेचा प्रश्नच नव्हता तर! शेवटी काय, नव्या कंट्रोलरवर दहा टक्के सूट. वाशी स्टेशनपर्यंत मी त्या दहा टक्क्यांना शिव्या देत आले.

शनिवारी ठाण्याला गेले. स्टेशनजवळच्या गल्लीत मोबाइल दुरुस्त करणारा एक जण आहे, नुसतं टेबल, दिवा आणि सोल्डरिंगची कांडी. त्याने माझ्यासमोर उघडला. स्टिकच्या, म्हणजे अंगठ्याने पात्र चालवायच्या दांडीच्या, खाली दोन छोट्या डब्या असतात, एक आडव्या हालचालीची, एक उभ्या. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारी पत्र्याची जीभ. घासून घासून पट्टी झिजते, मग अंगठा काढला तरी मशीनला वाटतं कोणीतरी ढकलतंय. त्याने काळी पूड दाखवली. चुंबकावर चालणाऱ्या स्टिक असतात, त्यात घासाघासच नसते, पण त्या माझ्या कंट्रोलरमध्ये बसणार नाहीत म्हणाला. साधी नवी स्टिक बसवून ३५० रुपये, पाऊण तास. तोवर मी मामलेदारकडे मिसळ खाऊन आले, तिचे पैसे हिशेबात धरत नाही.

हिशेब असा: गेम ४९९, कंट्रोलर १,८५०, दुरुस्ती ३५०. एकूण २,६९९. निदान साठ संध्याकाळी तरी खेळलो असू, म्हणजे एका संध्याकाळी दोघांचे मिळून पंचेचाळीस रुपये, सासूबाईंचं फुकट. पाचपैकी चार देते. एक जाकिटाचा कापला. कंट्रोलरच्या कंपनीला शून्य, आणि ज्यांना स्वस्तातला घ्यायचाय त्यांनी घेतल्या दिवशी तक्रारीचा क्रमांक कसा मिळतो तेवढं विचारून ठेवा.

काल रात्री पुन्हा त्याच खाणीत उतरलो. कंदील सरळ पुढे गेला. बाहेर उजेडात आल्यावर नवऱ्याच्या गोळ्या संपल्या होत्या, पडलेल्या उचलायला त्याच्याकडे जागा होती पण गोळ्या माझ्या पायाशी होत्या, आणि माझे नऊही खण भरलेले. "जाकीट टाकून दे आणि त्या उचलून मला दे," तो म्हणाला. मी म्हटलं, "इकडे येऊन उचल." येताना वाटेत पडला. पाला माझ्याकडेच होता, दोन होते. एक जरा राखून ठेवावा का असं मनात यायला आणि मागून आवाज यायला एकच गाठ पडली, "अगं दे ना त्याला, मेला तो."