नोकरी गेली तर किती दिवस? चार देशांच्या बदललेल्या नियमांची तुलना

पगार किती, कर किती, घरभाडं किती, हे आकडे परदेशी जाणारा प्रत्येक जण वहीत मांडतो. एक रकाना मात्र बहुतेक वेळा कोरा राहतो. विमानातून उतरल्यापासून कायमच्या वास्तव्याचा कागद हाती पडेपर्यंत किती वर्षं जाणार, आणि तोवर आपला तिथला मुक्काम कोणाच्या भरवशावर असणार? २०२४ आणि २०२५ मध्ये अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि जर्मनीने जे बदल केले, त्यातले बरेचसे नेमके या मधल्या काळावर परिणाम करणारे आहेत. म्हणून ही तुलना मी त्याच रकान्याभोवती करतो आहे.

डोळ्यांसमोर धरला आहे तो पदवी आणि काही वर्षांचा अनुभव असलेला, भारतात जन्मलेला, बहुधा संसारी माणूस. नियम २०२६च्या सुरुवातीचे आहेत. अर्ज भरण्याआधी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर आकडे पुन्हा तपासा, कारण यातले बरेच आकडे दरवर्षी बदलतात.

आत शिरायचं कसं

अमेरिकेत एच-१बीचा, म्हणजे कंपनीनं अर्ज करून मिळणाऱ्या कामाच्या व्हिसाचा, कोटा वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २०,००० एवढाच आहे. त्यात दोन नवे अडसर आले. १९ सप्टेंबर २०२५च्या अध्यक्षीय घोषणेनं नव्या अर्जामागे कंपनीवर १,००,००० डॉलरचा भार टाकला. महिनाभरानं आलेल्या खुलाशाप्रमाणे हा भार मुख्यतः देशाबाहेर असलेल्या उमेदवारांच्या अर्जांना लागतो. अमेरिकेत शिकून तिथूनच स्टेटस बदलणारा विद्यार्थी किंवा मुदतवाढ घेणारा कर्मचारी त्यातून सुटतो. दुसरा बदल लॉटरीचा; अर्ज कोट्याहून जास्त आले की निवड तिनं होते. २७ फेब्रुवारी २०२६ पासून ती पगाराच्या पातळीनुसार चालते: चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या उमेदवाराचं नाव चार वेळा टाकलं जातं, पहिल्या पातळीच्या उमेदवाराचं एकदाच.

हे दोन नियम एकत्र ठेवून पाहा. बाहेर बसलेल्या अनुभवी माणसाला लॉटरीत वजन जास्त मिळेल, पण त्याच्यासाठी लाख डॉलर मोजणारी कंपनी हवी. तिथे नुकत्याच शिकलेल्या मुलाच्या कंपनीला लाख डॉलर भरावे लागत नाहीत, पण पगार पहिल्या पातळीचा असेल तर लॉटरीत त्याची चिठ्ठी एकच. कर्ज काढून तिथे मास्टर्स करायचा विचार असेल तर हे गणित प्रवेशाआधी मांडा. पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी संबंधित काम करायची मुभा, १२ महिन्यांची, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी २४ महिने. एवढ्या काळात लॉटरीच्या जेमतेम तीन संधी मिळतात.

कॅनडाची एक्सप्रेस एंट्री, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठीची गुणांवरची निवड, वेगळ्या तत्त्वावर चालते. तिथे कंपनी नसली तरी चालतं, गुण लागतात. पण २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकले गेले आणि २०२५ मध्ये सर्वांसाठी खुला असा एकही ड्रॉ, म्हणजे गुणांनुसार निवडीची फेरी, झाला नाही. ड्रॉ निघाले ते कॅनडात काम केलेल्यांसाठी, प्रांतांनी निवडलेल्यांसाठी, फ्रेंच येणाऱ्यांसाठी आणि आरोग्य, शिक्षण, कारागिरी अशा ठरावीक क्षेत्रांसाठी. कॅनडातल्या अनुभवाच्या ड्रॉला वर्षभर पाचशेहून जास्त गुण लागत होते, तर फ्रेंचचा कट-ऑफ मार्चमध्ये ३७९ पर्यंत उतरला. म्हणजे बाहेर बसून अर्ज करणाऱ्या इंजिनिअरकडे खरा हुकमी पत्ता उरतो तो फ्रेंचचा. वाचन, लेखन, श्रवण, संभाषण चारही अंगांत सातवी पातळी लागते. शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला त्यासाठी नेटाचा अभ्यास करावा लागेल, तरी तो माझ्या मते परदेशी पदविकेवर पैसे घालण्यापेक्षा शहाणपणाचा आहे.

ब्रिटनमध्ये व्हिसाची हमी घेणारी (स्पॉन्सर) कंपनी हवीच. स्किल्ड वर्कर या कामाच्या व्हिसाची किमान पगाराची रेषा २६,२०० पाउंडांवरून एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० झाली. त्याच दिवसापासून कामही पदवीच्या पातळीचं असण्याची अट आली आणि परदेशातून केअर वर्कर आणणं बंद झालं. जानेवारी २०२६ पासून इंग्रजीही बी२ पातळीचं, म्हणजे ए१ ते सी२ या युरोपीय मोजपट्टीवरच्या चौथ्या पायरीचं, लागतं.

उरलेल्या तिघांनी दार अरुंद केलं त्याच काळात जर्मनीनं ते बऱ्यापैकी उघडलं. ऑफर हातात असेल तर ब्लू कार्ड हा पदवीधरांचा कामाचा परवाना: २०२६ साठी वर्षाला ५०,७०० युरो पगार, तुटवड्याच्या क्षेत्रांत ४५,९३४ युरोंच्या आसपास. ऑफर नसेल तर १ जून २०२४ पासून सुरू झालेलं चान्सनकार्ट, म्हणजे नोकरी शोधण्यासाठीचा परवाना. पदवी, अनुभव, भाषा, वय यांचे मिळून सहा गुण झाले की वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते आणि तोवर आठवड्याला वीस तास कामही करता येतं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) महिन्याला १,०९१ युरो या हिशेबानं (हा २०२५चा दर) वर्षाचे पैसे दाखवावे लागतात. आपली पदवी आणि विद्यापीठ तिथल्या अनाबिन या यादीत मान्य आहे का, हे आधी पाहा. भाषेच्या परीक्षेचे पैसे त्यानंतर भरा.

नोकरी गेली तर

मला विचाराल तर पहिला प्रश्न हाच असायला हवा, पण तो शेवटी विचारला जातो. लेऑफचा मेल आल्यावर घरातली माणसं शाळेचं वर्ष, घराचा करार, गाडीचे हप्ते यांच्याकडे पाहत दिवस मोजू लागतात. ती वेळ कोणावरही येऊ शकते.

अमेरिकेत साठ दिवस. त्यात नवी कंपनी अर्ज करायला तयार हवी, नाहीतर दुसऱ्या स्टेटसवर जायचं किंवा सामान बांधायचं. दहा-बारा वर्षं तिथे काढलेल्या माणसालाही तेवढेच साठ. ब्रिटनमध्येही कंपनीनं कळवलं की व्हिसाची उरलेली मुदत साधारणपणे साठ दिवसांवर आणली जाते, आणि नवी कंपनी स्पॉन्सर परवाना असलेलीच लागते.

ऑस्ट्रेलिया या तुलनेत घेतलेला नाही, पण इथे त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. जुलै २०२४ पासून तिथल्या स्पॉन्सर्ड कर्मचाऱ्याला नवी नोकरी शोधायला सलग १८० दिवस मिळतात आणि त्या काळात दुसरीकडे कामही करता येतं. तोच प्रश्न, तसाच कर्मचारी, आणि मुदत अमेरिकेच्या तिप्पट.

कॅनडात एक्सप्रेस एंट्रीनं गेलेला माणूस पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, घेऊनच उतरतो. नोकरी जाण्याचा त्याच्या मुक्कामाशी काहीही संबंध नाही. तिथे पहिली नोकरी मनासारखी मिळत नाही, डॉक्टर-इंजिनिअरांना तिथला परवाना मिळवताना वर्षं जातात, या तक्रारी खऱ्या आहेत. पण पोटाची चिंता आणि देश सोडावा लागण्याची चिंता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीआर असलेल्याला दुसरी नसते.

कायमचं कधी

अमेरिकेचा हिशेब सगळ्यात कठीण. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात कुटुंबीयही मोजले जातात, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून जास्त नाहीत. इथे नागरिकत्व नव्हे, जन्मस्थान पाहतात. २०२५ संपताना भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या दोन वर्गांची रांग २०१३ मधल्या अर्जांवर होती. पण त्यावरून ‘बारा वर्षं थांबलं की झालं’ असं समजू नका. त्या तारखेनंतर अर्ज करून रांगेत उभे असलेले लोक दरवर्षीच्या कोट्याच्या कितीतरी पट आहेत, त्यामुळे आज मागे लागणाऱ्याची वाट त्याहून लांब आहे. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर असला की एच-१बी सहा वर्षांच्या मर्यादेपुढेही वाढत जातो हे खरं, पण त्या प्रत्येक वर्षी साठ दिवसांची टांगती तलवार तशीच असते. जोडीदार अन्य देशात जन्मलेला असेल तर त्याच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं, ही सवलत अनेकांना माहीत नसते.

ब्रिटनमध्ये आजवर पाच वर्षांनी सेटलमेंट, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा हक्क, मिळायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं जो प्रस्ताव मांडला त्यात मूळ मुदत दहा वर्षं आहे. वर्षाला ५०,२७० पाउंडांहून जास्त उत्पन्न तीन वर्षं असलेल्यांना पाच वर्षं कमी, १,२५,१४० च्या वर असलेल्यांना सात वर्षं कमी, आणि पदवीखालच्या कामावर आलेल्यांसाठी मुदत पंधरा वर्षं. मला यात सर्वांत जास्त खटकतं ते असं, की आधीपासून तिथे असलेल्या, पण सेटलमेंट न मिळालेल्या लोकांनाही ही मुदत लावण्याचा विचार त्यात आहे. पाच वर्षांचा शब्द ऐकून ज्यांनी घरदार हलवलं, त्यांच्यासाठी वाटेतच मैलाचे दगड पुढे सरकवणं मला न्याय्य वाटत नाही. नव्यानं ठरवणाऱ्यानं ब्रिटनसाठी दहा वर्षंच धरावीत. आधी मिळालं तर आनंदच.

जर्मनीत ब्लू कार्डधारकाला जर्मन ए१ पातळीचं असेल तर २७ महिन्यांत आणि बी१ असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो. हे कायद्यात लिहिलेलं आहे; लॉटरी नाही, देशवार कोटा नाही. जून २०२४ पासून नागरिकत्वाची मुदतही आठवरून पाच वर्षांवर आली. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी तरतूद ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द झाली, पण पाच वर्षांची टिकली. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व देते, भारत मात्र देत नाही. तिथला पासपोर्ट घेतला की भारताचा सोडावा लागतो आणि ओसीआयवर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डावर, यावं लागतं. हे चारही देशांना सारखंच लागू आहे.

कॅनडात पीआर आधीच हातात असतो, आणि पाच वर्षांत १,०९५ दिवस तिथे राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. फक्त जागा घटल्या आहेत: २०२५ साठी आधी पाच लाख ठरले होते, ते ३,९५,००० वर आले, आणि २०२६ ते २०२८ या प्रत्येक वर्षी ३,८०,००० ठेवले आहेत.

जोडीदार आणि मुलं

अमेरिकेत एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला काम करता येतं ते मुख्य अर्जदाराचा आय-१४० मंजूर झाल्यावर किंवा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढल्यावर. त्यातही ३० ऑक्टोबर २०२५ पासून या कामाच्या परवान्याच्या नूतनीकरणाच्या अर्जावर आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. अर्ज प्रलंबित असताना जुनं कार्ड संपलं तर काम थांबवावं लागतं. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याचा जोडीदार भाषेच्या परीक्षेशिवाय येतो आणि पहिल्या दिवसापासून कोणतंही काम करू शकतो. कॅनडात पीआर असल्यावर प्रश्नच उरत नाही. तात्पुरत्या परवान्यावर गेलात तर मात्र जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचा ओपन वर्क परमिट (कोणत्याही कंपनीत काम करायची मुभा) वरच्या दर्जाच्या आणि काही निवडक नोकऱ्यांपुरता उरला आहे. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला काम करता येतं, पण विद्यार्थ्यांना जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे अभ्यासक्रम सोडले तर कुटुंब नेताच येत नाही.

मुलांचं वय हा अमेरिकेच्या बाबतीत वेगळा धडाच आहे. एकविसाव्या वर्षी मूल डिपेंडंट, म्हणजे पालकांच्या अर्जात मोडणारं, राहत नाही. रांगेच्या विलंबात मुलाचं वय गोठवण्याचा जो हिशेब असतो तो १५ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा कडक तारखेवर नेला गेला, म्हणजे सुटणाऱ्या मुलांची संख्या कमी झाली. तिथेच वाढलेलं, तिथलीच भाषा बोलणारं मूल कॉलेजात असताना परदेशी विद्यार्थी ठरतं. आज मूल आठ वर्षांचं असेल तर तुमच्याकडे तेरा वर्षं आहेत, आणि रांग वर सांगितलीच. एच-१बीवर असताना तिथे जन्मणाऱ्या बाळाच्या नागरिकत्वावर जानेवारी २०२५च्या अध्यक्षीय आदेशानं प्रश्नचिन्ह लावलं. न्यायालयांनी तो आदेश रोखला आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायचं मान्य केलं.

खर्च

एकच आकडा सांगतो, कारण तो लोकांना व्हिसाच्या खिडकीशी पोचल्यावर कळतो. ब्रिटनचा आरोग्य अधिभार प्रौढाला वर्षाला १,०३५ पाउंड, मुलाला ७७६, आणि व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा आगाऊ भरायचा. चौघांचं कुटुंब, पाच वर्षांचा व्हिसा: १८,११० पाउंड. कंपनी भरणार आहे का, हे ऑफर लेटरवर लिहून घ्या. सेटलमेंट दहा वर्षांवर गेली तर हा अधिभार दुसऱ्यांदाही भरावा लागेल.

मग कोणी कुठे

लग्न न झालेल्या, पंचविशीतल्या, तंत्रज्ञानातल्या माणसाला अमेरिका अजूनही मोहवते आणि त्यात चूक नाही. पाच-सहा वर्षं काम, शिकणं, बचत, मग परत किंवा पुढे, असा स्पष्ट बेत असेल तर जा. ग्रीन कार्ड गृहीत धरून तिथे कर्जावर घर घेऊ नका. पगार वरच्या पट्टीतला असलेल्याला, किंवा आरोग्यसेवेतल्या डॉक्टर-नर्सना ब्रिटनचा विचार करता येईल, कारण प्रस्तावात सार्वजनिक सेवेतल्या अशा कामांना सवलत ठेवली आहे. पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं राहून नोकरी शोधू, असं मनात धरून तिथे शिकायला जाणाऱ्यानं एक तारीख लिहून ठेवावी: १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट व्हिसा पीएचडीवाले सोडून बाकीच्यांना दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचाच मिळेल.

शाळेत जाणारी मुलं असलेल्या, पस्तिशीच्या आसपासच्या जोडप्यानं आधी कॅनडाचे गुण मोजावेत. ड्रॉच्या टप्प्यात असाल तर दुसरीकडे पाहायची गरज नाही. नसाल तर जर्मनी, आणि तिथे इंग्रजीवर नोकरी मिळाली तरी भाषा सोडू नका. शाळेचं पत्र, डॉक्टर, घरमालक, परदेशी नागरिकांचं कार्यालय, सगळं जर्मनमध्येच चालतं, आणि दुसरी नोकरी शोधायची वेळ आली तर भाषा नसलेल्याला फार थोड्या जाहिराती उपयोगी पडतात. नवरा-बायको दोघांनीही क्लास लावावा. कामावर न जाणाऱ्यालाच त्या भाषेशी रोज जास्त गाठ पडते.