थाई करी, डिमसम, सुशी, रामेन: सोलापुरात घरी काय मागवावं, काय तिथेच बसून खावं

चांगल्या एशियन रेस्टॉरंटमधून मागवताना आधी पदार्थ ठरवा, हॉटेल नंतर. एकाच किचनमधली थाई करी अर्ध्या तासाने घरी पोचली तरी छान लागते, टेम्पुरा (जपानी पद्धतीची कुरकुरीत भजी) मात्र दहा मिनिटांत मऊ पडतो.

घरी मागवायला सगळ्यात खात्रीचे दोन पदार्थ म्हणजे थाई करी आणि ब्रह्मदेशी खाउ स्वे. दोन्हींचा रस्सा नारळाच्या दुधाचा, त्यामुळे तो परत गरम करता येतो. फक्त आच मंद ठेवा. खळखळून उकळलं की दूध फाटतं आणि वर तेल सुटतं. खाउ स्वेमध्ये रस्सा, नूडल्स आणि वरचं सामान (तळलेला कांदा-लसूण, शेंगदाणे, लिंबू, कोथिंबीर) वेगवेगळं येतं, म्हणजे ताट घरीच लागतं. पार्सलमधले शेंगदाणे सादळलेले निघाले तर घरचे भाजून घाला, आपल्याकडे त्याला तोटा नाही.

शाकाहारी घरांनी इथे एक गोष्ट फोन करून विचारायलाच हवी. थाई करीच्या पेस्टमध्ये बहुधा आंबवलेली कोळंबी वाटलेली असते, वर फिश सॉस पडतो. चिकनऐवजी टोफू घातला म्हणून करी शाकाहारी होत नाही. ‘पेस्ट वेगळी करता का?’ असं थेट विचारा. चायनीज भाज्यांसाठी ऑयस्टर (शिंपल्यांच्या) सॉसचं आणि रामेनसाठी सूपमधल्या माशाच्या अर्काचंही हेच.

डिमसम (सारण भरून वाफवलेले चिनी पदार्थ) मधल्या गटात येतात. कणकेच्या किंवा मैद्याच्या पारीचे प्रवासात टिकतात. पारदर्शक पारीचे थंड झाले की ताठरतात, एकमेकांना चिकटतात आणि उचलताना फाटतात. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पारी चिवट होते. मोदकपात्रात कोबीचं पान अंथरून, डिमसममध्ये बोटभर अंतर ठेवून तीन-चार मिनिटं वाफ द्या.

रामेन मागवायचं ते एकाच अटीवर: सूप आणि नूडल्स वेगळे. ‘नूडल्स थोडे कच्चे ठेवा’ असंही सांगा. घरी सूपला उकळी आणून वरून ओता. हॉटेल वेगळं पॅक करायला तयार नसेल तर रामेन सोडून द्या. नूडल्स सूप पिऊन फुगतात, त्यावर इलाज नाही.

सुशीबाबत ठाम सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये कच्च्या माशाची सुशी घरी नकोच. बाहेर पारा चाळिशीच्या वर आणि पार्सल दुचाकीवरच्या बॅगेत गरम डब्यांशेजारी. काकडी किंवा अॅव्होकॅडोचे रोल चालतील, पण आल्याआल्या खा. फ्रिजमध्ये ठेवले की भात कडक होतो, बाहेर ठेवले की नोरी (रोलवरचं समुद्री शेवाळाचं पान) ओलसर.

कुरकुरीत पदार्थांना (क्रिस्पी कॉर्न, कमळकाकडी, टेम्पुरा) डब्यातली वाफच मारते. हे हवेच असतील तर अॅपवरून न मागवता स्वतः जाऊन आणा. वीस-पंचवीस मिनिटं आधी फोन करा, सॉस वेगळा घ्या, गाडीवर बसण्याआधी डब्याचं झाकण किंचित उघडा. घरी एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर चार मिनिटं. सॉसमध्ये घोळवून आलेलं मात्र पुन्हा कुरकुरीत होत नाही.

स्वतः आणण्याचा दुसरा फायदा बिलात दिसतो. अॅपवरचे दर बऱ्याचदा हॉटेलच्या मेन्यू कार्डापेक्षा जास्त असतात, शिवाय पॅकिंग, डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी. हॉटेल सात रस्त्याला आणि घर जवळच असेल तर फेरी परवडते. जुळे सोलापूरच्या आतल्या भागात राहणाऱ्यांनी करीवर भागवून अॅप वापरलेलं बरं. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपासून येणाऱ्या पार्सलला संध्याकाळी हमखास उशीर, तेव्हा सातच्या आत ऑर्डर टाका.

उरलेला भात किंवा फ्राइड राइस दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिला तर सकाळी परतून खाऊ नका: भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष गरम करूनही जात नाही.